फ्रेटवर कानस चालवण्याआधी गिटारची मान बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही उलगडेल. स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) धर्तीची इलेक्ट्रिक गिटार, दोन वर्षांची. आधी दहाच्या तारा होत्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच जाडीची. बोटं दुखतात म्हणून नवाच्या बसवल्यास. त्याच सुमाराला बँडमधल्या गायकाला पट्टी उंच पडते म्हणून सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवल्यास. तेव्हापासून सहावी आणि पाचवी तार पहिल्या ते चौथ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) झणझणते, मोकळी छेडली तरी खरखरते. सातव्या फ्रेटच्या पुढे मात्र आवाज स्वच्छ. सॅडल (बॉडीवर तार ज्यावर टेकते तो छोटा तुकडा) उचलून बघितलेस. आता वरच्या फ्रेटवर तार दाबताना बोटं भरून येतात आणि खालची झणझण जवळपास तशीच. एका दुकानात सांगितलं, "फ्रेट घासायला लागतील."

घासू नकोस, भावा. तुझ्या फ्रेटना बहुधा काहीही झालेलं नाही. तुझी मान मागे गेली आहे, आणि ती चावीने पुढे येते. कानसीने काढलेला धातू मात्र परत येत नाही.

असं ठामपणे का म्हणतो ते सांगतो. मी तारेची वाद्यं दुरुस्त करायला शिकलो ते मिरजेत, तंबोऱ्यांवर. तिथे तार घासून जो आवाज निघतो, त्यासाठीच कारागीर दिवस घालवतात. घोडीच्या रुंद, किंचित गोलसर माथ्यावर तार अगदी हलकी टेकत-सुटत राहते, खाली सुताचा दोरा सरकवून ती जागा नेमकी पकडतात, आणि मग जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला गुंजणारा आवाज, उघडते. म्हणजे तार कशाला तरी घासणं हा मुळात दोष नव्हे. कुठे घासते, किती घासते, हा सगळा प्रश्न. गिटारच्या फ्रेटवर तीच तार अरुंद धातूच्या पट्टीवर आपटते, आपटताना तिची ताकद जाते आणि सूर लवकर मरतो. पण तपासण्याची रीत दोन्हीकडे एकच: आधी कान लावून जागा शोधायची, हत्यार नंतर.

तुझ्या बाबतीत जागा तूच सांगितली आहेस. आता कारण बघ. साडेपंचवीस इंची, म्हणजे ६४८ मिमी स्केलच्या (मोकळ्या तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर दहा ते सेहेचाळीसचा नेहमीचा संच पूर्ण सुरात लावला की सहा तारा मिळून मानेला साधारण ४७ किलोच्या आसपास ओढतात. नऊ ते बेचाळीसच्या संचात हाच आकडा ३८-३९ किलोवर येतो. त्यात तू सहावी तार पांढरी तीनऐवजी (E) काळी दोनला (E फ्लॅट) लावलीस, बाकीच्याही तशाच उतरवल्यास. अर्धा सूर उतरला की ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. म्हणजे उरले ३४ किलो. तेरा किलोचा भार मानेवरून उतरला, पण मानेच्या आतला ट्रस रॉड (चावीने कसता येणारी धातूची सळई) जुन्या ४७ किलोच्या हिशोबानेच कसलेला आहे. तारा पुढे ओढतात, रॉड मागे ओढतो. एका बाजूचा जोर सुटल्यावर मान दुसरीकडे जाणारच.

मान अगदी सरळ का नको, हेही समजून घे. तार छेडल्यावर ती मध्यभागी सगळ्यात जास्त झोकते, टोकांना कमी. त्या झोक्याला जागा मिळावी म्हणून मानेला मध्ये किंचित खोलगटपणा ठेवतात. इंग्रजीत त्याला रिलीफ म्हणतात, आपण कामावर बाक म्हणतो. हा बाक गेला, किंवा मान उलटी फुगली, की पहिल्या चार-पाच फ्रेटवर दाबलेली तार पुढच्या फ्रेटच्या अंगावर जाऊन पडते. जाड तारांचा झोका मोठा, शिवाय तुझ्या तारा आता ढिल्या. म्हणून बोंब सहावी-पाचवीची.

आणि सॅडल उचलून फरक का पडला नाही? गणित कर. सॅडल पूर्ण १ मिमी उचललं तर बाराव्या फ्रेटवर मोकळ्या तारेखाली अर्धा मिमी जागा वाढते. पण तार पहिल्या फ्रेटवर दाबलेली असेल, तर दुसऱ्या फ्रेटजवळ वाढणारी जागा जेमतेम ०.०५ ते ०.०६ मिमी, म्हणजे साध्या कागदाच्या अर्ध्या जाडीची. तिकडे वरच्या फ्रेटवर मात्र बोटांचे हाल. मानेचा दोष सॅडलने झाकायला गेलं की हे असं होतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या गिटारींत हा प्रकार मी सगळ्यात जास्त बघतो.

आता मोजून खात्री कर. गिटार ज्या सुरात वाजवणार त्याच सुरात लाव. काळी दोनला वाजवणार असशील तर काळी दोनलाच. वाजवताना मांडीवर जशी धरतोस तशीच धर. टेबलावर आडवी ठेवलीस तर मानेचं स्वतःचं वजनही मापात घुसतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, उजव्या हाताच्या करंगळीने सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाब. आता ती ताणलेली तार हीच तुझी पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या पोटाखाली किती फट आहे ते बघ. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ धातूच्या पट्ट्यांचा जुडगा) घे. टू-व्हीलरचे मेकॅनिक टॅपेट लावायला वापरतात तेच, इथे कोल्हापुरात उद्यमनगरात कुठल्याही हत्यारांच्या दुकानात मिळतं. नाहीच मिळालं तर झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी असतो, दोन-तीन पट्ट्या एकत्र धरून अंदाज घे. स्ट्रॅटच्या नेहमीच्या साडेनऊ इंची गोलाईच्या (म्हणजे आडव्या गोलाईच्या त्रिज्येच्या) फ्रेटबोर्डला फेंडर ०.२५ मिमी सांगते. जुन्या धर्तीच्या सव्वासात इंची गोलाईला ०.३, सपाट फ्रेटबोर्डला ०.२. तुझ्या गिटारवर एक कागदही सरकणार नाही, तार फ्रेटला टेकलेली असेल, असा माझा अंदाज आहे. टेकलेली असली तर निदान पक्कं.

मग ट्रस रॉड. याची लोकांना उगाच भीती घालून ठेवली आहे. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी याचं पेटंट १९२३ मध्ये मिळवलं, तेव्हापासून ही वस्तू फिरवण्यासाठीच बनवलेली आहे. फिरवताना शिस्त पाळायची, एवढंच. पहिली शिस्त चावीची. आशियात बनलेल्या बहुतेक गिटारींना ४ किंवा ५ मिमीची अ‍ॅलन की लागते, अमेरिकन फेंडरला १/८ इंची. चावी तळापर्यंत बसली पाहिजे आणि हलवल्यावर खुळखुळता कामा नये. "जवळपास बसतेय" म्हणून जोर लावलास आणि आतली षट्कोनी खाच गोल झाली, तर पाचशे रुपयांचं काम मान बदलण्यापर्यंत जातं. 

रॉडच्या नटाकडे तोंड करून बघ. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की रॉड कसतो, मान मागे जाते, बाक कमी होतो. उलट फिरवलं की रॉड ढिला होतो, तारा मान पुढे ओढतात, बाक वाढतो. तुला उलट फिरवायचं आहे. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सुरात लाव, कारण मान हलली की सगळ्या तारा बेसूर होतात. पुन्हा कॅपो, पुन्हा माप. पाव ते अर्ध्या फेऱ्यात तुझं काम व्हावं. मग गिटार रात्रभर तशीच राहू दे आणि सकाळी परत मोज. लाकूड सावकाश बसतं, संध्याकाळी ०.२५ दिसलेली फट सकाळी ०.३ झालेली मी कित्येकदा पाहिली आहे. रॉड पूर्ण ढिला होऊन नुसता फिरायला लागला आणि तरीही मान मागेच असेल, तर तिथे थांब. काही रॉड दोन्ही बाजूंना जोर लावतात, काही एकाच बाजूला. एकाच बाजूच्या रॉडवर तुझ्याकडे उरलेला सोपा उपाय म्हणजे परत दहाच्या तारा. खरं सांगायचं तर अर्धा सूर उतरवून वाजवणाऱ्याला मी दहाच्याच सुचवतो: त्या सुरात दहाची तार बोटाला जवळपास पूर्ण सुरातल्या साडेनवाच्या संचासारखी लागते, आणि सहावी तार ढेपाळत नाही.

मानेचं माप आल्यावरच सॅडलला हात लाव. हा क्रम मोडू नकोस. तू उचललेलं सगळं आता खाली आणायचं आहे. सतराव्या फ्रेटवर, कॅपो काढून, मोकळ्या तारेखाली १.६ मिमी ही फेंडरची सुरुवातीची जागा. तिथून तुझ्या हाताप्रमाणे. तुझा उजवा हात जड असेल तर सहाव्या-पाचव्या तारेला १.८ ते २ ठेव, लाजायचं कारण नाही. सॅडलचे दोन्ही बारीक स्क्रू सारखे फिरव, म्हणजे सॅडल तिरकं बसणार नाही. सॅडल फ्रेटबोर्डच्या गोलाईबरोबर चढत-उतरत गेले पाहिजेत. सगळे एका रेषेत ठेवले तर मधल्या तारा झणझणतात आणि माणूस बिचाऱ्या फ्रेटना दोष देतो. उंची बदलली की इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही तार सुरात लागते का ते) पुन्हा तपासायला लागतं, ते विसरू नकोस.

इथपर्यंत तुझं काम संपावं. पण समजा एखादी जागा उरली. तर पुढचं वाच.

झणझण ऐकू येते त्या फ्रेटकडे बघायची सवय सोड. तू पाचव्यावर दाबतोस आणि खरखर येते, तर गुन्हेगार बहुधा सहावा असतो, किंवा त्याच्याही पुढचा. पाचवा फ्रेट झिजून खाली बसला असला तरी हेच होतं, म्हणून दोन्ही बघायचे. फक्त मोकळी तार खरखरते आणि पहिल्या फ्रेटवर दाबल्यावर गप्प होते, तर नटाची (रॉडचा नट नव्हे, मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी) खाच खोल गेली आहे. ते ओळखायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाब आणि पहिल्या फ्रेटवर फट बघ. डोळ्याला केसाएवढी दिसली पाहिजे. काहीच दिसत नसेल तर खाच खोल. फेव्हिक्विक आणि खाण्याचा सोडा घालून ती भरता येते, आणि नड भागवायला मी ते केलंही आहे, पण त्या भरावाचा आवाज मला कधी पटला नाही आणि तो वर्षभरात पुन्हा झिजतो. हाडाचा नवा नट करून घे. खाच तारेच्या जाडीची असावी लागते. गुजरीत सोनारांच्या बारीक कानशी मिळतात, त्यांतल्या गोल कानशीने जाड तारांच्या खाचा छान निघतात.

बाराव्याच्या पुढेच झणझण असेल तर उलटं निदान: अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) फार खाली आहे, किंवा बाक जास्त आहे, किंवा मान जिथे बॉडीला मिळते तिथे फ्रेटबोर्डला उंचवटा आला आहे. हा शेवटचा प्रकार रॉडने सुटत नाही, कारण रॉडचा जोर तिथवर पोचतच नाही. 

एकच फ्रेट उंच आहे की नाही हे बघायला उद्यमनगरात एखाद्या टूलरूममध्ये जा आणि चार सरळ कडांची पोलादी पट्टी ग्राइंड करून घे: ७५, ५५, ४५ आणि ३० मिमी. हे आकडे मी ६४८ स्केलच्या फ्रेटच्या अंतरांवरून काढले आहेत. एका वेळी कडेखाली बरोबर तीन फ्रेट यावेत, ना कमी ना जास्त. पहिल्या ते सहाव्या फ्रेटपर्यंत मोठी कड, मग ५५, आठव्या-नवव्याच्या पुढे ४५, पंधराव्यापासून ३०. पट्टी तीन फ्रेटवर ठेवून दोन बोटांनी डोलवून बघ. टकटक झाली तर मधला फ्रेट उंच. सहाही तारांच्या रेषेत बघ, कारण फ्रेट पुष्कळदा एकाच टोकाला उचललेला असतो. असा फ्रेट सापडला तरी कानस अजून नको. आधी त्याच्यावर नखाने दाबून बघ, हलतो का. पावसाळा-उन्हाळ्यात लाकूड फुगतं-आकसतं आणि फ्रेटचं शेपूट खाचेतून सुटतं. हलत असेल तर प्लॅस्टिकच्या हातोडीने हळू ठोकून बसव, खाचेत पातळ सुपरग्लूचा एक थेंब, वरून लाकडाचा ठोकळा ठेवून क्लॅम्प, एक तास. अर्धे "उंच" फ्रेट इथेच बरे होतात.

खरोखर घासायची वेळ आलीच तर मान आधी सरळ करायची, बाक शून्यावर आणायचा, आणि मगच. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत, ऐन जुलैत, एका ऑर्केस्ट्रावाल्याची गिटार आली. गणपती तोंडावर होते, त्याला घाई, मलाही घाई. मानेचं माप न घेता मी झणझणणारे तीन फ्रेट घासून मोकळा झालो. आवाज त्या दिवशी स्वच्छ आला. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली, मान आपल्या जागी आली, आणि ते तीन फ्रेट खड्ड्यात. त्यांच्या अलीकडे दाबलं की स्वच्छ, त्यांच्यावर दाबलं की खरखर. मी स्वतःच्या पैशांनी त्याचे सगळे फ्रेट बदलून दिले, आणि तेव्हापासून माप लिहिल्याशिवाय कानस पेटीतून बाहेर काढत नाही. फ्रेटची तार जर्मन सिल्व्हरची असते, नाव चांदीचं पण आत तांबं, निकेल आणि जस्त. तिची माथ्याची उंची नवी असतानाच जेमतेम एक-सव्वा मिमी. एका घासणीत त्यातला मोठा वाटा जातो. एका गिटारच्या आयुष्यात असं काम दोन-तीनदाच होऊ शकतं.

हवेचा विषय निघालाच आहे तर: आपल्या कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर असते आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी ती खूप खाली येते. गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवतं. प्रत्येक मान या बदलाला आपल्या स्वभावाने वागते. कुणाची पुढे झुकते, कुणाची मागे, मानेचं मेपलचं लाकूड कसं कापलंय त्यावर बरंच अवलंबून. म्हणून वर्षातून दोनदा, पाऊस लागल्यावर आणि थंडी सुरू होताना, बाक मोजून वहीत लिही. दोन वर्षांत तुला तुझ्या गिटारचा स्वभाव कळेल. पेठांतल्या जुन्या घरांच्या भिंतींना पावसात ओल धरते. त्या भिंतीवर गिटार टांगू नकोस, केसमध्ये ठेव.

आणखी एक. फ्रेटचा वाटणारा आवाज कधीकधी फ्रेटचा नसतोच. खुंटीचं ढिलं वॉशर, पिकअपखालची स्प्रिंग, सॅडलचा न टेकलेला स्क्रू, स्ट्रॅटच्या मागच्या पोकळीतल्या ट्रेमोलोच्या स्प्रिंगा, अगदी पूर्ण ढिला झालेला ट्रस रॉडही एका ठरावीक सुराला कुरकुरतो. ज्या सुराला खरखर येते तो सूर धरून ठेव आणि दुसऱ्या कुणाला एकेक भाग बोटाने दाबायला सांग. जिथे दाबल्यावर आवाज थांबेल तिथे स्क्रू आवळ. आणि पिकअप तारेच्या फार जवळ आणला असशील तर चुंबक जाड तार ओढतो, सूर डुचमळतो. शेवटच्या फ्रेटवर दाबून सहाव्या तारेखाली ३ मिमीच्या आसपास अंतर ठेव.

हे सगळं तपासताना गिटार अँपला जोडूनही ऐक. शांत खोलीत कानाला येणारी बारीक झरझर पुष्कळदा अँपमधून येतच नाही, सूरही पूर्ण टिकतो. तशी असेल तर ती राहू दे. अ‍ॅक्शन खाली ठेवून वाजवणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या इलेक्ट्रिक गिटारला ती असते, आणि तिच्यासाठी अ‍ॅक्शन चढवून डाव्या हाताचा वेग घालवण्यात अर्थ नाही. अँपमधून खरखर आली, किंवा सूर अर्ध्यात मेला, तर मात्र पुढे शोध.

रॉड पाव फेरा ढिला केल्यानंतरची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची, अशी दोन्ही मापं मला कळव. सोबत कुठली तार, कुठला फ्रेट, अँपमधून ऐकू येतं का, एवढं लिही. मापं बरोबर येऊनही एखादा फ्रेट बोलत राहिला तर गिटार घेऊन शाहूपुरीत माझ्याकडे ये. येताना तारा सैल करून आणू नकोस. तू वाजवतोस त्याच काळी दोनच्या सुरात, त्याच तारांवर आण, म्हणजे मानही तशीच दिसेल.